लव्हाळ्याची नोंद

निपाणी, ४ ऑगस्ट २०२५

अनु, जयभीम.

महिन्याला एक पत्र असं आपण हॉस्टेल सोडताना ठरवलं होतं. मे महिन्यानंतर माझं हे पहिलंच. फोन होतात, पण तू तुझ्या मेडिकलमध्ये गिऱ्हाइकाला गोळ्या देत देत बोलतेस आणि मी 'सगळं बरं आहे' म्हणून मोकळी होते. कागदावर तसं म्हणता येत नाही.

आमच्या फार्मसी कॉलेजचं यंदा मूल्यमापन आहे. सप्टेंबरच्या अठराला समिती येणार. युवराज सरांनी, म्हणजे आमच्या प्राचार्यांनी, अहवालाचं काम माझ्या गळ्यात घातलंय. गेले दोन महिने मी मोजते आहे. प्रयोगशाळेतले तराजू, ग्रंथालयातली पुस्तकं, पास झालेल्या मुली, नोकरीला लागलेल्या मुली, चालू असलेले पंखे. हसू नकोस, पंख्यांचा रकाना खरंच आहे. आणि सांगते, मला मजा येते आहे. सोळा वर्षं ज्या इमारतीत वावरले तिच्यात काय काय आहे हे मला आताच कळतंय. जिन्याखालच्या कपाटात तेरा खलबत्ते सापडले. परशरामअण्णा, आमचे माळी, म्हणाले, "मॅडम, तुमी मोजाय लागल्यापास्नं कॉलेज मोटं व्हाय लागलंय बघा."

पण बाग मोजली आणि ते लहान झालं.

औषधी वनस्पतींच्या बागेची जुनी यादी शहाण्णव जातींची आहे. मी आणि अण्णांनी एकेका झाडाला हात लावून मोजलं. चार मेलेली. तेही चाललं असतं. पण अडुळसा क्रमांक दोनवर आहे आणि आडुसोगे क्रमांक एकोणचाळीसवर. कोरफड एका पानावर, लोळेसर दुसऱ्या. गुळवेल आणि अमृतबळ्ळी. आवळा आणि नेल्लीकाई! अनु, इथलं शेंबडं पोरही सांगेल की ते एकच आहे. २००९ साली कुणीतरी अण्णांची कानडी वही आणि मराठी यादी एकाखाली एक उतरवून काढलेली दिसते. अशी एकतीस झाडं दोनदा लागलीत. उरली एकसष्ट.

समितीला ऐंशी हवीत. सरांनी बाकी सगळे गुण मांडून पाहिले. बाग ऐंशीची भरली तर आपण काठाच्या पलीकडे, नाही तर अलीकडे. अलीकडे राहिलो तर साठ जागांच्या तीस होणार. आमच्या निम्म्या मुली आसपासच्या गावांतून एसटीने येतात. कॉलेज निपाणीत आहे म्हणून त्यांना घरून पाठवतात. बेळगाव किंवा कोल्हापूर म्हटलं की शिक्षण संपलं.

काय करू सुचत नाही.

तुझी
ज्योत्स्ना


वडगाव, बेळगाव, ९ ऑगस्ट

ज्योत्स्ने, जय जिनेंद्र.

पत्र दुकानात आलं आणि मी ते शटर अर्धं ओढून वाचलं. गिऱ्हाइकं बाहेर ओरडत होती.

पहिलं म्हणजे तो २००९ चा विद्वान कोण ते शोध. आवळा आणि नेल्लीकाई वेगळे लिहिणाऱ्या माणसाला पगार कोण देत होतं? माझ्या दुकानात असा माणूस असता तर एकाच पेशंटला एकच गोळी त्यानं दोन नावांनी दिली असती आणि मी आज तुरुंगातून पत्र लिहिलं असतं. गाढव तो गाढवच, पण सहीसकट गाढव. सही तर असेलच ना खाली? वाच आणि मला कळव, मी येऊन ओवाळते.

दुसरं म्हणजे रडू नको. माझ्या ओळखीचा एक रोपवाटिकावाला आहे. लग्नाच्या हॉलला कुंड्या भाड्यानं देतो. तुला वीस पाहिजेत ना? पंचवीस पाठवतो म्हणाला. सर्पगंधा, अश्वगंधा, शतावरी, पाहिजे ते. सतरा तारखेला टेम्पो तुझ्या दारात, एकोणीसला परत. नवरोबा श्रेयांस स्वतः घेऊन येतो म्हणतोय, त्याला निपाणीची भडंग पण आणायची आहे.

आता 'हे खरं आहे का गं' असं विचारू नको. झाड खरं, कुंडी खरी, तीन दिवस तुझ्या बागेत असणार हेही खरं. तू हॉस्टेलात मेसच्या वहीत अर्धी पोळी लिहायचीस, 'कारण दुसरी अर्धी टाकली'. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

लगेच हो म्हण.

तुझी
अनु


निपाणी, १६ ऑगस्ट

अनु,

सही वाचली. माझी आहे.

पहिल्या पत्रात 'कुणीतरी' लिहिलं तेव्हाही मला माहीत होतं. नोकरीला लागून मला तेव्हा चार महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. दोन याद्या जोडल्या आणि टाइप केल्या. गडबडीत चुकलं असंच मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण परवा त्या वर्षीची माझी रोजनिशी काढून पाहिली. तिच्यात लिहिलंय, 'तिसऱ्या पानावर लोळेसर दिसलं. कोरफड आधी आली आहे की काय? पण बेरीज शहाण्णव झाली. सर खूश.'

म्हणजे दिसलं होतं. दिसलं आणि पान उलटलं. पुढे दर वर्षी तीच यादी मी तारीख बदलून पाठवत राहिले. तेव्हा ये आणि ओवाळ. निरांजनासाठी तूप मी आणते.

म्हणूनच तुझा टेम्पो नको. रोपवाटिकावाल्याचे आभार मान. तू मनापासून म्हणालीस हे मला कळतं, पण एकदा आकडा फुगवल्यावर काय होतं ते मी सोळा वर्षं पाहते आहे. पुढच्या वर्षी तो आकडा आपल्याकडे बघत बसतो.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी खिडकी उघडून मागचं रान पाहिलं. मग म्हणाले, "एकसष्ट तर एकसष्ट. निदान आवार तरी चकाचक दिसू दे. मागचं रान साफ करून घ्या." मी आदेश काढला, 'आवारातील सर्व तण दि. १५ सप्टेंबरपूर्वी काढून टाकावे'. सही माझी. सध्या मी सही करते ते सगळं दोनदा वाचते.

गणपती झाले की आई येणार आहे महिनाभर राहायला. घरात एकटी काय करेल, कॉलेजातच घेऊन येत जाईन म्हणते. बसेल व्हरांड्यात.

रागावू नको.

ज्योत्स्ना


वडगाव, ८ सप्टेंबर

ज्योत्स्ने,

आज क्षमावाणी. दहा दिवसांचं पर्व संपलं. वर्षभरात बोलण्याचालण्यातून कुणाला दुखावलं असेल त्याची आज माफी मागायची असते. यादीत पहिलं नाव तुझं.

तीन आठवडे मी मुद्दाम लिहिलं नाही. तुझं पत्र वाचलं आणि वाटलं, ही बाई मला खोटारडी म्हणते आहे. मी पंचवीस झाडं काढून देते आणि ही मला रोजनिशी वाचून दाखवते! श्रेयांसला म्हटलं, "मरू दे तिची बाग." तो म्हणाला, "मग भडंग?"

पर्वात रोज सकाळी मंदिरात बसून मन तपासायचं असतं. मी बसले आणि माझ्याच दुकानाची रजिस्टरं डोळ्यांपुढं येऊ लागली. कुठं मी पान उलटलं, ते. इथं लिहीत नाही. पण सोमवारी दोन रकाने दुरुस्त केले, एवढं तुला सांगते.

तर गाढव म्हणाले त्याबद्दल क्षमा. सहीसकट म्हणाले त्याबद्दलही. शब्द मात्र मागे घेत नाही, फक्त पत्ता बरोबर लागला.

आता दहा दिवस उरलेत. काय चाललंय? तू गप्प, म्हणजे काहीतरी बिघडलंय. जागा गेल्यातच जमा असं धरून बसलीस का? आई आल्या का? त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझी
अनु


निपाणी, ११ सप्टेंबर

अनु,

क्षमा कसली, तुझं पत्र वाचून मी हसत सुटले. गप्प होते कारण लिहायला उसंत नव्हती. बिघडलेलं काही नाही. उलट जे झालंय ते तुला क्रमानं सांगते, नाही तर मीच त्यात वाहून जाईन.

आई सोमवारी आली. मंगळवारी कॉलेजात आणली. व्हरांड्यात खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मी तासावर गेले. परत येते तो खुर्ची रिकामी. मागच्या रानातून अण्णांचा आवाज, "आक्का, ऱ्हाऊ द्या की! तुमी पाहुण्या!"

आई पदर खोचून उकिडवी बसली होती. हातात अण्णांचं खुरपं. बेचाळीस वर्षं तिनं निपाणीच्या शिवारात तंबाखू भांगलली. तण दिसलं की तिचा हात थांबत नाही. "नुसतं बसून काय करू रं? तुमचं हे रान बघून मला लाज वाटाय लागली," ती अण्णांना म्हणत होती. आणि भांगलताना ती उपटेल त्याचं नाव घेते. जुनी खोड. त्या बायका ओळीनं बसायच्या, आणि नवीन पोरीला शिकवायला पहिली बाई नावं घेत पुढं सरकायची.

"ही शंखाहुली. ही घेटुळी. ह्यो माका. ही भुईआवळी. ह्यो मेला लव्हाळा, ह्येची गाठ ऱ्हायली की परत येतोय."

मी तिथंच उभी राहिले. अनु, घेटुळी म्हणजे पुनर्नवा! लव्हाळ्याची गाठ म्हणजे नागरमोथा! दोन्ही मी सोळा वर्षं शिकवते आहे. व्यापाऱ्याकडून वाळवलेले नमुने मागवते, बाटलीत भरते, चिठ्ठी लावते. जिवंत झाडं माझ्या वर्गाच्या खिडकीखाली होती, आणि दर तपासणीच्या आधी मी ती उपटून घेत होते.

"आई, थांब!" मी ओरडले.

"का? साप हाय?"

"नाही. उपटू नको. नुसतं नाव सांग."

"उपटल्याबिगर नाव आठवत न्हाय मला."

शेवटी तडजोड झाली. ती खुरपं टेकवणार, नाव घेणार, उपटणार नाही. आई पुढं, मी वही घेऊन मागं, अण्णा कानडी नाव सांगायला बाजूला. दोनदा सवयीनं हात गेलाच. "घ्या! तुमच्या आदेशाला कोन मोडतंय मॅडम, सही तुमचीच हाय," अण्णा म्हणाले. दुपारपर्यंत तेहेतीस नावं झाली. संध्याकाळी सगळी ग्रंथांत तपासली. तीन झाडांचा औषधी उपयोग कुठं सापडला नाही, ती काढली. चार बागेत आधीच होती. उरली सव्वीस. एकसष्ट आणि सव्वीस, सत्त्याऐंशी.

पण शंखाहुलीचं एकच झाड होतं आणि आईनं ते सगळ्यात आधी उपटलं होतं. तेव्हा शहाऐंशी लिहिलं. आईला सांगितलं तर तिला फार लागलं. तिनं ढिगातून ते शोधून एका पत्र्याच्या डब्यात लावलंय. मान टाकलेली आहे त्यानं.

प्रत्येक झाड आता एकदाच आहे, आणि पाटीवर तिन्ही नावं आहेत, शास्त्रीय, मराठी, कानडी. युवराज सर पाट्या लावायला स्वतः हातोडी घेऊन फिरतायत.

आता एक गोष्ट तुलाच सांगायची राहिली आहे. रोजनिशीतही ती कधी लिहिली नाही. २००९ मध्ये मला ही झाडं दिसली नव्हती असं नाही. घेटुळी मला नसेल ओळखू आली, पण माका, कुरडू, आघाडा, ही तर मी चालायला शिकण्याआधी ओळखत होते. ती मी यादीत घेतली नाहीत. मला वाटलं, कॉलेजची यादी पुस्तकासारखी दिसावी. आई भांगलते तसली नको.

आणि हॉस्टेलात पावसाळ्यात आई जो डबा पाठवायची, त्यातली भाजी मेथी आहे असं मी तुला सांगायची. ती मेथी नव्हती. कुरडू होती, बांधावरची. बाजारात पैसे देऊन आणलेली नव्हती.

हे एवढं लिहायला मला पंचवीस वर्षं लागली, आणि लिहिलं तर दोन ओळींत मावलं.

तुझी
ज्योत्स्ना


वडगाव, १४ सप्टेंबर

अगं वेडे,

मला माहीत होतं. आम्ही चिकोडीकडची शेतकरी माणसं, मला मेथीचा वास कळत नाही होय? चातुर्मासात आम्हाला पालेभाजी वर्ज्य म्हणून मी खाल्ली नाही, पण तू डबा उघडलास की मला आमच्या शेतातला बांध दिसायचा. आमच्या शेतातली भांगलण करणाऱ्या बायका दुपारी हीच भाजी खायच्या. मी लहानपणी मागितली तर आजी ओरडायची. तुझ्या डब्याकडं मी किती हावऱ्यासारखी बघायचे! तुला वाटलं असेल मी तपासते आहे. मी फक्त चातुर्मास संपायची वाट बघत होते, आणि तो संपेपर्यंत कुरडू जून व्हायची.

विचारलं नाही, कारण तू 'मेथी' म्हणताना मान खाली घालायचीस.

आता कामाचं. तुमच्या अहवालात बाहेरच्या तज्ज्ञाचा रकाना असतो ना? कुणाचं नाव घातलंयस? मोकळा ठेवला असशील तर मी येऊन तुझी ती वही तुझ्याच डोक्यात घालते. समजलीस ना?

अठराला देवळात दिवा लावते.

अनु


निपाणी, २० सप्टेंबर

अनु,

पहिलं हे वाच, जागा साठच राहिल्या. निकालाचं पत्र नंतर येईल, पण समितीनं जाताना गुण वाचून दाखवले. आम्ही पलीकडे आहोत. चांगलेच पलीकडे! युवराज सरांनी परशरामअण्णांना मिठी मारली, आणि अण्णांच्या हातातली झारी सरांच्या बुटात रिकामी झाली.

आता नीट सांगते. समितीत सौम्या मॅडम म्हणून एक होत्या, पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. पंखेसुद्धा त्यांनी एकेक चालू करून पाहिले. बागेत आल्यावर त्यांनी दोन याद्या समोर धरल्या, जुनी आणि नवी. "गेल्या वेळी शहाण्णव होती. आता शहाऐंशी. दहा गेली कुठे?"

युवराज सरांनी घसा साफ केला. मी म्हटलं, "चार मेली, मॅडम. बाकीची नव्हतीच. एकतीस झाडं मी दोनदा लिहिली होती, आणि ही मागची पंचवीस कधीच लिहिली नव्हती."

त्यांनी अहवालाचं पान उलटलं. मग रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "तज्ज्ञ, लक्ष्मीबाई सिद्राम शिंगे. अनुभव, भांगलण, बेचाळीस वर्षं, निपाणी शिवार. हे काय आहे?"

हो, लिहिलं होतं. तुझं पत्र येण्याच्या आदल्या दिवशीच. लिहिताना पेन थांबलं होतं हेही सांगते. हे खरं आहे, की मी आईचं ऋण फेडण्यासाठी लिहिते आहे? मग अहवाल पहिल्या पानापासून पुन्हा वाचला. दोनशे बारा पानांत त्याहून खरी ओळ मला सापडली नाही.

"त्या व्हरांड्यात बसल्यात," मी म्हटलं.

सौम्या मॅडमनी आईला बोलावलं आणि कानडीत विचारायला सुरुवात केली. एका झाडाकडं बोट, दुसऱ्याकडं. तंबाखूच्या रानात निम्म्या बायका कानडी बोलायच्या, आई अडते कुठली? ती कानडीतच उत्तरं देत सुटली. नाव, कुठं उगवतं, गुरं खातात की नाही, पोट दुखल्यावर कोण काय देतं. मधेच ती मराठीवर आली, "आनि बाई, ह्यो लव्हाळा लई वंगाळ हाय बगा. ह्येच्यापायी माझी कंबर गेली."

मी म्हटलं, "आई, तो औषध आहे."

"व्हय? मग माझ्या कमरंला का न्हाय दिलास?"

सगळे हसले. सौम्या मॅडम हसल्या तेव्हा पहिल्यांदा त्यांचे दात दिसले.

निघताना त्या व्हरांड्याच्या पायरीशी थांबल्या. तिथं आईचा तो पत्र्याचा डबा होता. शंखाहुलीनं मान वर काढली होती आणि त्या सकाळी एक फूल आलं होतं, नखाएवढं, निळं.

"हे यादीत आहे?"

"नाही," मी म्हटलं. "उपटलं गेलं होतं. जगेल याची खात्री नव्हती, म्हणून धरलं नाही."

अण्णा मागून कुजबुजले, "सत्त्याऐंशी करा की मॅडम!"

"अहवाल जमा झालाय, अण्णा. आता मला हात लावता येत नाही."

सौम्या मॅडमनी पेन काढलं, शहाऐंशी खोडलं आणि सत्त्याऐंशी लिहिलं. शेजारी स्वतःची सही केली. "तुम्हाला लावता येत नाही," त्या म्हणाल्या, "मला येतो." युवराज सर म्हणतात, समितीनं आकडा वर नेलेला त्यांनी तीस वर्षांत पाहिला नव्हता.

आईला काल सगळं पुन्हा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे आता ते रान भांगलायचंच न्हाय?" नाही म्हटल्यावर जरा हिरमुसली. मग अण्णांनी तिला पुढच्या हिरवळीचा कोपरा दिला. तिथं जे उगवतं त्याची पाटी मागच्या रानात आधीच आहे. आज सकाळपासून ती तिथं बसली आहे. चार मुली तिच्या मागं ओळीनं उकिडव्या बसून नावं शिकतायत. हा तास मी वेळापत्रकात घालणार आहे. त्याला काय म्हणायचं ते अजून ठरलं नाही.

परशरामअण्णा उद्या तुमच्या बेळगावात शहापूरला लेकीकडे निघालेत, त्यांच्या हातून डबा पाठवते. भाजी आईनं केली आहे, लसूण घालून, कॉलेजच्या रानातली, शेवटची कोवळी. तुझा चातुर्मास आहे, तुला चालायची नाही. लसूण तर नाहीच नाही. तुझ्या त्या हातमाग चालवणाऱ्या शेजारणीला दे. श्रेयांसभाऊंची भडंग वेगळ्या पुडीत आहे.

तू फक्त झाकण बघ. पाट्यांच्या पत्र्यातला एक तुकडा उरला होता, तो मी झाकणाला बांधला आहे. त्यावर लिहिलंय,

कुरडू. कानडीत अण्णे सोप्पू. ओळखणारी, लक्ष्मीबाई.

आणि खाली बारीक अक्षरात, फक्त तुझ्यासाठी, मेथी नव्हे.

तुझी
ज्योत्स्ना